टाळूवरची लागण

जळोची, ता. बारामती
गुरुवार, दुपार

पाव्हणं सर्जेराव यांस तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे तात्याबाचा, रामराम. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं काय ते खाली कळेलच. तुमचा गुडघा कसा आहे? डाळिंबावर पुन्हा तेल्या रोग आल्याचं ऐकलं. (कोणाकडून ते विचारू नका, इंदापूरच्या बाजारात माझीही माणसं आहेत.) फोन सोडून पत्र का, असं मनात येईल. तर आमच्या घरात स्पीकर लावल्याशिवाय कोणाला फोनवर बोलताच येत नाही, आणि मी फोन हातात घेतला की सूनबाई रेश्माला नेमकी तीच खोली झाडायची आठवण होते. याला कोणी योगायोग म्हणत असेल तर खुशाल म्हणो.

तीन महिने झाले, माझं तोंड पेटलं आहे. टाळू लाल, जिभेवर पांढरं, कालवणाचा घास घेतला की डोळ्यातून धारा. पहिला संशय अर्थातच रेश्मावर. सासरा लवकर ताटावरून उठावा म्हणून ही मिरची वाढवते, असा माझा अंदाज होता. खात्री करायला मी माझ्या ताटातलं कालवण गुपचूप वाटीत घेऊन शेजारच्या सरुबाईला चाखायला दिलं. ती म्हणाली, "ह्यात मिरची हाय कुठं? आजाऱ्याचं दिसतंय." तेव्हापासून सरुबाईही रेश्माला सामील आहे असं धरून चालतो. मग मी कोणालाही न सांगता औषधाच्या दुकानातून जंतू मारायच्या कॅप्सूल आणल्या आणि पाच दिवस खाल्ल्या. आग दुप्पट झाली. कॅप्सूल डुप्लिकेट असणार, हे मी तेव्हाच ओळखलं.

शेवटी तुमच्या लेकीकडे, प्रतिक्षाकडे गेलो. पोरगी दातांची डॉक्टर झाली, बारामतीत दवाखाना टाकला, याचा आम्हाला अभिमान आहे. पण नात्यातल्या डॉक्टरपुढे तोंड उघडताना माणसाने सावध असावं. त्यात तुम्हाला माहीत आहे, माझ्या तोंडात वर-खाली पूर्ण कवळी आहे, ही गोष्ट अकरा वर्षं फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक. तुमची बहीण बानू तुमच्याकडे आईच्या आजारपणाला अडीच महिने राहिली, तेवढ्यात आपण दोघांनी सोलापूरला जाऊन काम उरकलं. ती परत आली तेव्हा मी पुढचे दोनच दात बसवलेत असं सांगितलं, आणि तिने ते मानलं. साधी बाई आहे.

प्रतिक्षाने बॅटरी लावून आत पाहिलं आणि विचारलं, "मामा, लागण कधीपासूनची?" मी म्हटलं, पंधरा जुलै, आडसाली. तिने लिहून घेतलं. मग विचारलं, "किती पसरलीय?" मी म्हटलं, साडेतीन एकर. तिथे तिचा पेन थांबला. आता तुम्हीच न्याय करा. आपल्या भागात लागण म्हटल्यावर माणसाला ऊस सोडून दुसरं काय आठवणार? तिला तोंडातला रोग म्हणायचा होता तर रोग म्हणावं! कागदावर पंधरा जुलै अजून तशीच आहे, आणि औषध त्याच तारखेवरून ठरवलं गेलं असा माझा दाट संशय आहे.

मग तिने कापसाच्या काडीने टाळू पुसून ती काडी तपासायला डबीत ठेवली (एवढं जपून काय ठेवायचं, पुरावा आहे का?) आणि दुसऱ्या खेपेला समजावून सांगितलं. म्हणे कवळीच्या खाली चिकट थर बसतो. त्यात बुरशी असते आणि जिवाणूही असतात. बुरशीचे धागे निघतात, त्या धाग्यांना धरून जिवाणू राहतात, आणि दोघं एकमेकांना पोसतात. मी कॅप्सूल खाल्ल्या त्याने जिवाणू मेले, पण बुरशीला मोकळं रान मिळालं. हे मला पटलं, कारण रुंद पानाचं तण मारलं की हराळी कशी माजते ते मी जन्मभर पाहत आलोय. म्हणून नुसत्या औषधाने भागत नाही. कवळी रोज ब्रशने घासून थर काढायचा, टाळूला बुरशीचं औषध लावायचं, आणि रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची. मुळं राहिली तर उसासारखा पुन्हा खोडवा फुटणार, असं मी म्हटलं, तर पोरगी पहिल्यांदा माझ्यावर खूष झाली.

तीन आठवडे झाले, फरक शून्य. मी रोज घासतो (न्हाणीघराला कडी लावून), औषध लावतो. आता प्रतिक्षाच माझ्यावर संशय घेते! परवा म्हणाली, "सोमवारी आत्याला संगं घेऊन या, मला तिला दोन गोष्टी इचारायच्या हायत." ज्या घरात डॉक्टर पेशंटवर विश्वास ठेवत नाही तिथे गुण कसा यावा? तरी तुम्ही इंदापुरात एखाद्या जुन्या डॉक्टरला विचारून हे औषध अस्सल आहे का ते कळवावं. थोरांना दंडवत, लहानांच्या पाठीवर हात, आणि तुमच्या गुडघ्याला माझा वेगळा नमस्कार.

तुमचा
तात्याबा

ता. क. : औषधाचं राहू द्या. सोमवारच्या आत प्रतिक्षाला फोन करून एवढंच सांगा की मामा रात्री कवळी काढत नाहीत, त्यांनी खोटं सांगितलं, आत्याला काही विचारू नकोस. माझ्या तोंडाने मला ते सांगवत नाही. सर्जेराव, बत्तीस वर्षांचा होतो तेव्हा बानू एकदा म्हणाली होती की तुमचं हसणं मला आवडतं. ती शेजारी झोपलेली असताना मी तोंडाचं बोळकं कसं करू? मला भीती वाटते, बाकी काही नाही.

ता. क. दुसरा : हे पत्र वाचून जाळावं.

(मागच्या बाजूला, पेन्सिलीने)

दादा, पाकीट आणाया हे दुकानात गेल्यात, पत्र गादीखाली ठिवून. मी वाचलं. अकरा वर्सं हे तोंड उघडं टाकून घोरत्यात आन् वरची कवळी सुटून जिभंवर येती. गिळली तर काय घ्या, म्हणून मी रोज उठून बोटानं ती वर सारती. मला एक रात सलग झोप न्हाय. हे रातीला कवळी काढत न्हाईत हे प्रतिक्षाला मीच सांगितलंय, तू फोन करू नगंस. आजपस्नं ह्यांच्या उशाला पाण्याची वाटी ठिवती आन् भिताडाकडं तोंड करून निजती. ह्यांना वाटू दे, मी बघितलं न्हाय.