एकशे सदतीस भेगा आणि अमेरिका

१२ जून १९९५, लातूर. सकाळी ६.१०
ठरलं. अमेरिका. एम.आर्क., दोन वर्षं, पूर्ण स्कॉलरशिपवर, धम्मप्रियासोबत. यातला शेवटचा भाग तिला अजून माहीत नाही.

काल नांदेडच्या स्टँडवर म्हणाली, "फायनल इयर झालं की मी अमेरिकेला अप्लाय करणार." आणि माझ्याकडे बघितलं. टक लावून. (माझ्यामागे तिची हदगावची गाडी लागत होती, हे खरं. पण नजर ती नजर.)

ती कॉलेजात माझ्या एक वर्ष पुढं. मी थर्ड इयर मधेच सोडलं, ही किरकोळ बाब. माझं ऑडिटोरियमचं डिझाईन बघून राघवेंद्र सर म्हणाले, "हे कडबाकुट्टीचं शेड आहे का?" मी शीट गुंडाळली आणि दारातून निघालो तो थेट लातूरला उतरलो. याला बाणा म्हणतात. अमेरिकेत काम बघतात, डिग्री नाही. (चौकशी करणे.)

संकल्प: आजपासून विचार फक्त इंग्रजीत.

दुपारी १.००
भूक मराठीतच लागते.

२६ जून
बारा विद्यापीठांना बारा एरोग्राम टाकले. मजकूर एकच: मला पूर्ण स्कॉलरशिपमध्ये रस आहे, तरी कृपया पाठवावी.

माधवराव सरांच्या क्लासात भूमिती शिकवतो, तात्पुरतं. पत्र्याची खोली, एकशे चाळीस पोरं, सगळ्यांना बोर्डात यायचंय. सरांना अमेरिकेचं बोललो. म्हणाले, "काय ठेवलंय तिकडं? उद्या अमेरिकेतली पोरं लातूरला खोल्या करून राहतील." मग म्हणाले, "काल तुम्ही फळ्यावर त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दोनशे लिहून आलात." त्या वेळी मी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचा विचार करत होतो.

उदगीरला वडिलांना एसटीडीवरून कळवलं. अप्पा: "आर्किटेक्ट म्हंजे मिस्त्रीच की रं. मिस्त्री हितंबी लागतेत." फोन ठेवला. मीच ठेवला, जोरात. बूथवाल्यानं बघितलं.

४ ऑगस्ट
अमेरिकेची दोन पाकिटं! पोस्टमननं चहा मागितला, दिला. गुळगुळीत कागद. तळ्याचा फोटो, तळ्याकाठी हिरवळ, हिरवळीवर एक जोडपं. मुलगा उंचीनं माझ्याएवढाच आहे.

'परदेशी विद्यार्थ्यांचा अंदाजे वार्षिक खर्च' असा तक्ता होता. आकडा वाचून पुस्तिका मिटली. पुन्हा तळं बघितलं. बरं वाटलं.

घाबरण्याचं कारण नाही. असिस्टंटशिप मिळाली की फी माफ. फक्त पहिल्या वर्षाचा खर्च घरचे उचलतील, याचा पुरावा लागतो. आणि बॅचलर डिग्री. हे त्यांनी अगदी पहिल्याच ओळीत छापलंय, म्हणजे छापील मसुदा असणार, सगळ्यांनाच पाठवत असतील.

१९ ऑगस्ट
धम्मप्रियाचं पत्र: "एवढी माहिती काढून राहिलास, चांगलंय. मलाही एक प्रत दे."

दिली. असिस्टंटशिप, फीमाफी, ट्रस्टांची कर्ज-स्कॉलरशिप, तारखा, पत्ते. त्रेचाळीस पानं, दोन रंगांच्या शाईत, कव्हरवर तळं रेखाटून. प्रेमपत्र कुणीही लिहितं.

२ सप्टेंबर
तिचं उत्तर: "पान ७ वरची तारीख चुकलीय. पान १२, २० आणि ३१ पण बघ."
सगळी पानं वाचली तिनं! सगळी!

११ सप्टेंबर, निलंगा
पुरावा म्हणजे तहसीलमधून ऐपतीचा दाखला. उदगीरची अडत तिघा भावांची. अप्पांच्या एकट्याच्या नावावर आमचं इकडच्या गावातलं घर, तेवढंच. पण घर दगडी, दणकट. अप्पा आले, कुरकुरत का होईना. टोपी नवी घातली होती.

खिडकीत व्यंकटी भाऊसाहेब. त्यांनी आमची फाईल काढली, झटकली, बघतच राहिले.
"हे ड्रॉइंग कुणी काढलं?"
"मी," असं मी छाती फुगवून सांगितलं.

सविस्तर लिहिणं भाग आहे. त्र्याण्णवच्या भूकंपात पलीकडची गावंच्या गावं गेली. आमच्या गावात देवाच्या दयेनं माणूस गेला नाही, भिंती तडकल्या. मी तेव्हा सेकंड इयरला. पंचनाम्याला साहेब येणार म्हणून मी तीन दिवस बसून अख्ख्या घराचं मोजमाप काढलं आणि प्रत्येक भेग दाखवली. एकशे सदतीस. केसाएवढीला मनगटाएवढी केली असेल, पण त्याशिवाय शीट उठून दिसत नाही. खाली इंग्रजीत टीप: केव्हाही कोसळेल. साहेब म्हणाले, वा. आमचं नाव डागडुजीच्या यादीतून नव्या घराच्या यादीत गेलं. अप्पा वर्षभर सांगत फिरले, "पोराच्या पेन्सिलीनं घर आणलं!"

नवं सरकारी घर ऐपतीत धरत नाहीत. जुनं घर आजही जागेवर आहे. आत तुरीची पोती आहेत.

भाऊसाहेब म्हणाले, "कागदावर तर तुमचं घर पडलंय. पडलेल्या घराची ऐपत काय लावू?"
मी म्हणालो, चला दाखवतो, उभं आहे.
"उभं हाय? मग हे खोटं लिहून दिलं होतं का?"
मी म्हणालो, खोटं नाही, भावना जरा जास्त उतरली.
"भावनेचा कॉलम न्हाई. तसा अर्ज करता का? म्हंजे नवीन घराची फाईल बी उघडू."

अप्पांनी माझा दंड धरला. बाहेर येऊन म्हणाले, "पेन्सिल कुठाय तुझी? दे हिकडं." दिली. खिशात घातली. निलंगा ते उदगीर खिशावर हात ठेवून बसले. उतरताना मात्र हसायला लागले. "एकशे सदतीस! अरं, दोन-चार तरी सोडायच्या हुत्या!"

१२ सप्टेंबर
ऐपत नाही म्हणजे गरज जास्त. गरज जास्त म्हणजे स्कॉलरशिप मोठी. उलट बरंच झालं.

८ डिसेंबर
धम्मप्रिया स्वतः लातूरला! तिच्या थिसिसचा विषय भूकंपानंतरची घरं. माझी भेगांची शीट हवी होती. घरची प्रत दिली. तिनं सगळ्यांत आधी खालची टीप खोडली. मग म्हणाली, "आता सांग, यातल्या खऱ्या किती?"

तिच्यासमोर खोटं बोलवेना. गावाला गेलो दोघं. अप्पांनी पोती सरकवली. दिवसभर ती कंदील धरून उभी, मी मोजतोय. खऱ्या एकतीस. एकतीसच परत काढल्या, केसाएवढी ती केसाएवढी. म्हणाली, "वीरण्णा, हे चांगलं काढलंस." अप्पांनी तिला तुरीची पायली बांधून दिली. मला पेन्सिल परत दिली.

लग्नाचं विचारणार होतो. अमेरिकेत विचारीन, तळ्याकाठी.

१५ एप्रिल १९९६
बाराही ठिकाणी अर्ज टाकले होते. नऊ नकार आले. उरलेल्या तिघांनी कळवलं आहे की डिग्रीची प्रत न जोडल्यानं अर्जच उघडला नाही. म्हणजे नकार नाही.

धम्मप्रियाला असिस्टंटशिप मिळाली. फी माफ, वर ट्रस्टची मदत. तिचे वडील गुरुजी आहेत, त्यांनी अख्ख्या शाळेला पेढे वाटले. तिकडच्या प्राध्यापकांनी थिसिसमधल्या एका शीटचं खास कौतुक केलंय. खाली माझं नाव आहे. तिनं घातलं.

माझ्या भेगा अमेरिकेत पोचल्या.

२० मे
माधवराव सरांनी न विचारता बोर्ड रंगवला: 'अमेरिका स्कॉलरशिप मार्गदर्शन. अनुभवी वीरण्णा सर.' मी चिडून ब्रश हिसकावला. सर म्हणाले, "तुमची एक विद्यार्थिनी लागली. एकीतली एक! लातूरला असा रिझल्ट कुणाचा आहे सांगा." ब्रश परत दिला.

९ जुलै, नांदेड
तिला निरोप द्यायला गेलो. मनाशी भाषण तयार. तिनं माझी त्रेचाळीस पानांची फाईल परत दिली, सगळ्या चुका लाल शाईत दुरुस्त करून. पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीखाली, डिग्रीच्या, तीन रेघा. आत एक फॉर्म, थर्ड इयरला पुन्हा प्रवेशाचा. भरलेला. फक्त सही बाकी.

म्हणाली, "दोन वर्षांनी मी परत येईन. तोवर चिडून कुठून निघून जाऊ नको."
भाषण केलं नाही. सही केली.

१ ऑगस्ट, नांदेड. दुपारी ४.००
थर्ड इयर. वर्गात सगळी पोरं माझ्याहून दोन वर्षांनी लहान. राघवेंद्र सरांनी पहिलंच काम दिलं: कडबाकुट्टीचं शेड. मोजून काढायचं. मुद्दाम दिलं. तीन दिवस काढत होतो. आज सरांनी पाच सेकंद बघितलं आणि म्हणाले, "पुन्हा."

शीट गुंडाळली. दारापर्यंत गेलो. तिथं थोडा वेळ उभा राहिलो. परत आलो, शीट पसरली, शेजारच्या पोराकडं खोडरबर मागितलं.
"घ्या, काका," म्हणाला.