तांब्याचं पातेलं

सेंत-मार्गरीत, नॉर्मंडी
१७ ऑक्टोबर १९०४

प्रिय आन्सेल्म,

ताईचे आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे सोडले तर सगळं जागच्या जागी आहे, जीभ तर जरा जास्तच. तू कसा आहेस हे विचारत नाही, कारण चार वर्षांत माझ्या एकाही पत्राला तू उत्तर दिलेलं नाहीस. पत्रं पोचत नाहीत, असं मला सांगू नकोस. तीस वर्षं या गावचं पोस्ट चालवलंय मी. गयानाच्या कैदी वसाहतीची थैली कुठल्या बंदरातून, कुठल्या बोटीनं जाते ते मला पाठ आहे.

यंदा सफरचंदं इतकी धरली की फांद्यांना टेकू द्यावे लागले. सायडर गाळणारा थिबो परवा म्हणाला, "पोस्टमास्तरीणबाई, तुमचा भाऊ असता तर घाण्यावर दोन माणसं कमी लागली असती." मी म्हटलं, "होता तेव्हा त्याला गोठ्यात झोपवायचास. आता गुण गातोस होय रे?" मान खाली घालून पिंप धुवायला लागला. माझ्या जागी आलेला नवा पोस्टमास्तर शिक्के उलटे मारतो. खाटीक ल्ब्रे यानं बायकोचा हात मोडला आणि दंड भरून त्याच संध्याकाळी घरी आला. रविवारी देवळात पुढच्या बाकावर होता.

आणि तू? एक कोंबडी, एक घोड्याची झूल, एक छत्री, एक पातेलं. एवढ्यासाठी जन्मभर समुद्रापार! असला न्याय करणाऱ्यांना आमच्या मठाच्या शाळेत सिस्टर प्लासिदनं दिवसभर गुडघ्यांवर उभं केलं असतं. खून केला असतास तर निदान वर्तमानपत्रात कुणी हळहळलं असतं. किरकोळ चोराची कोण कीव करतो? अंगणातला केर बाहेर टाकावा तसं यांनी तुम्हाला टाकलं, आणि वर म्हणतात की देश स्वच्छ झाला.

असो. संताप करायला मला वेळ पुष्कळ आहे. पत्राचं कारण वेगळं आहे.

तिकडे सहा वर्षं काढल्यावर सुटकेचा अर्ज करता येतो, आणि तुझी सहा यंदा पुरी झाली. वकिलाच्या कारकुनाकडून मी नीट समजून घेतलंय. चांगली वर्तणूक, पोटापाण्याची सोय आणि राहायला जागा, एवढं दाखवावं लागतं. अर्ज तुझ्या नावानं आणि तुझ्या सहीनंच जायला हवा. तो मी लिहून सोबत ठेवला आहे. सगळे रकाने भरले. फक्त 'राहायला जागा' या रकान्यापाशी हात अडला. दौत वाळली, पुन्हा शाई घातली, तरी अडला.

का, ते तुला ठाऊक आहे. मी कधी लिहिलं नाही, एवढंच.

गावात सगळ्यांना तुझी रीत माहीत होती. उन्हाळ्यात गवत कापायचं, शरदात सफरचंदं उतरवायची, आणि पहिलं धुकं पडलं की काहीतरी क्षुल्लक उचलून पोलिसाची वाट बघत बसायचं. चार महिने तुरुंगातलं सूप, पाव आणि डोक्यावर छप्पर. वसंतात परत. छत्रीच्या वेळी तर पोलीस म्हणाला होता, "आन्सेल्म, यंदा उशीर केलास!" आम्ही सगळे हसलो होतो. मीसुद्धा.

चौथ्या वर्षी मात्र तू काहीच उचललं नाहीस. माझ्या दाराशी येऊन उभा राहिलास, छातीतून भाता चालल्यासारखा आवाज येत होता. म्हणालास, "ताई, यंदा तुरुंग नको. पोस्टाच्या माळ्यावर पडून राहीन. कुणाला दिसणारसुद्धा नाही."

आणि मी म्हटलं, "सरकारी पोस्टात चोर ठेवला म्हणतील लोक."

मग स्वयंपाकघरातलं तांब्याचं पातेलं, आईचं, मुरंब्याचं, मीच तुझ्या हातात दिलं. म्हटलं, "हे घे. मी फिर्याद देते. चार महिन्यांचा प्रश्न आहे." तू ते पालथं करून बघितलंस आणि म्हणालास, "बरंच जड आहे गं." तेवढंच.

आन्सेल्म, चौथ्या शिक्षेला जन्माची रवानगी, हा कायद्याचा कागद बारा वर्षं माझ्याच पोस्टाच्या भिंतीवर होता. मीच डकवला होता. नंतर त्याच्यावर कॅलेंडर टांगलं, कारण तो पिवळा पडून वाईट दिसायला लागला होता. सिस्टर प्लासिदनं मला अपूर्णांक शिकवले, लॅटिनमधल्या प्रार्थना शिकवल्या, आणि मला चारपर्यंत मोजता आलं नाही.

कोर्टात न्यायाधीशानं निकाल वाचला, काही बोलायचंय का असं विचारलं, तर तू टोपी हातात घेऊन म्हणालास, "वाईट वाटून घेऊ नका साहेब, वसंतात येतोच." लोक हसले. मग वकिलानं तुझ्या कानात सांगितलं. तू माझ्याकडे पाहिलंस. रागानं पाहिलं असतंस तर मला सोसलं असतं. तू असं पाहिलंस, जणू मला तरी नीट समजलंय ना, याची तुला काळजी होती.

त्याच वेळी उठून खरं सांगता आलं असतं. मी हातमोज्याचं बटण लावत बसले.

आणखी एक. बोट निघाली तेव्हा बंदरावर इतरांच्या आया, बहिणी आल्या होत्या. पोस्टाला सुट्टी नव्हती, असं मी तुला कळवलं होतं. तो रविवार होता.

सोमवार, २४ ऑक्टोबर

पत्र मुद्दाम बंद केलं नव्हतं. आज महापौरांकडे जाऊन आले. पातेलं मी स्वतः दिलं, चोरी झालीच नाही, असं लिहून नेलं होतं. त्यांनी दोनदा वाचलं.

"बाई, म्हणजे खोटी फिर्याद केलीत असं लिहून देताय? अहो, याबद्दल तुम्हाला आत टाकतील."

"टाकू देत. हिवाळा तोंडावर आलाय. आमच्या घराण्याची रीतच आहे ती."

"गाव काय म्हणेल?"

"गाव काय म्हणेल याची मी एकदा काळजी केली होती, साहेब. शिक्का मारा."

त्यांनी शिक्का शाईच्या गादीवर दाबला आणि मारला. सरळ मारला. तो कागदही सोबत आहे.

तू पाठवलेलं शेवटचं पत्र माझ्याकडे आहे. एकच ओळ: "ताई, इथे हिवाळा नसतो." चार वर्षं वाचते आहे. माझी समजूत काढलीस की मला बोललास, अजून कळलेलं नाही. दोन्ही केलं असशील. तुला तो हक्क आहे.

पातेलं कोर्टातून परत आलं, कानाला पुराव्याची चिठ्ठी बांधलेली. मी ती काढली नाही, आणि त्यात कधी मुरंबाही केला नाही. भिंतीवर आहे. तू आलास तर तूच काढ.

माझं आता दोन खोल्यांचं घर आहे. तुझी खाट शेगडीच्या बाजूला, रस्त्याकडच्या खिडकीखाली टाकली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. रकान्यात तेच लिहिलं.

सही कर, आन्सेल्म. मला क्षमा कर असं मी म्हणत नाही. त्यासाठी अर्जात रकाना नाही. क्षमा न करताही सही करता येते. आणि करायची नसेल, तर कोरा कागद तरी परत पाठव. घडी तुझ्या हातची आहे एवढं मी ओळखेन.

तुझी बहीण,
आणि सरकारदफ्तरी तुझी फिर्यादी,

लिओंतीन