कोनवाशाचं माप

९ नोव्हेंबर
छपराचा चार्ज आजपासून माझ्याकडे. देवबागच्या घराला काटकोनात नवी खोली जोडतोय, बायकोच्या, म्हणजे नर्मदेच्या, होमस्टेसाठी. पंचवीस डिसेंबरला तिचे पहिले पाहुणे. बाबू मेस्त्रीने लाकडाची मापं दिली. साधे वासे चार इंची, पण बाहेरच्या कोपऱ्यातून आढ्याला जाणारा तिरका कोनवासा आठ इंची. आतल्या कोपऱ्यात, जिथे दोन उतारांचं पाणी एकत्र येतं, तिथलाही आठ. म्हणे आखूड वासे सगळे ह्या दोघांच्याच अंगावर टेकतात. सरळसरळ गंडवतोय. मी बांधकाम खात्यात एकतीस वर्षं काढली. आवक-जावकला होतो म्हणून काय झालं, नकाशे माझ्याच हातून जायचे. सगळीकडे चार इंच. फायनल.

११ नोव्हेंबर
बाबू म्हणतो, असलं छप्पर मी करणार नाही. नर्मदा त्याच्या बाजूने. तिला म्हटलं, तू सोलकढीचं बघ. बाबूला सत्तरीत दुसरं काम मिळायचं नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून गोडीगुलाबीने घालवायचं ठरवलंय.

१४ नोव्हेंबर
आढं चढवलं. नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं मीच घातलं. म्हटलं, बाबूला दिसत नाही, हात थरथरतो, त्याला आता कायमची विश्रांती दे रे म्हाराजा! गाऱ्हाण्याला नाही म्हणायची सोय नसते. सगळे खाली बघत 'व्हय म्हाराजा' म्हणाले. बाबूसुद्धा. मग हत्यारांची पिशवी उचलून गेला. किती सुटसुटीत.

२ डिसेंबर
नवा सुतार प्रीतम गुणी आहे, काही विचारत नाही. कौलं चढताहेत. आतल्या कोपऱ्यातला वासा किंचित वाकलाय, तोही खालून पाहिलं तरच. खालून पाहायचं बंद केलं.
बाबूला आता गावात कुणीच बोलावत नाही म्हणे. गाऱ्हाणं पावलं.

५ डिसेंबर, सकाळी
वाक चार बोटं. बांबूचा टेकू लावलाय. प्रीतम जेवून येतो म्हणून काल गेला तो गेलाच. टेकू धरायला नर्मदेला उभी करतो. उरलेली कौलं मीच लावणार.

५ डिसेंबर, संध्याकाळी
वासा मोडला. मी भिंतीवर उडी मारली. प्रसंगावधान. नर्मदेचा उजवा हात मोडला. बाजूला हो म्हणून ओरडणार होतो, पण तोंडात खिळे होते. लाकूडच खराब निघालं. आता चहा कोण करणार?

८ डिसेंबर
डाव्या हाताने केलेली आमटी खारट. तसं सांगितलं. नर्मदा प्लास्टर सांभाळत बाबूच्या घरी गेली आणि त्याला घेऊन आली. मी त्याला माफ केलं.

१८ डिसेंबर
दोन्ही तिरके वासे आठ इंची बसले. आठ म्हणजे माझ्याच चारची दुप्पट. मूळ माप माझंच.
गाऱ्हाणं नर्मदेने बाबूला घालायला लावलं. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "बा देवा म्हाराजा, ह्या बायेचो हात मोडलो तो बरो कर. पाव्हणे सुखान येवंदेत. आणि गुरुदासाक ह्या घरात काय एक ठरवचो तरास आता नको. तेका कायमची विश्रांती दे रे म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!" कुणीही खाली बघत नव्हतं. सगळ्यात मोठा आवाज नर्मदेचा.
सवयीने मीही म्हणालो.

२५ डिसेंबर
पाहुणे आले. छप्पर बघून खूश. त्यांनी मेस्त्रीचा नंबर मागितला, नर्मदेने बाबूचा दिला. मी सोलकढीसाठी सकाळपासून नारळ खवतोय. खवायच्या आडाळ्याची उंची चुकलेली आहे. पण मला विचारतो कोण?