नमुना क्रमांक तीन वगळण्याबाबत

प्रति,
माननीय सहायक आयुक्त,
सीमाशुल्क, वर्गीकरण शाखा,
बंदर कार्यालय.

विषय : आयात फ्रॉकच्या वर्गीकरणाबाबतचा दावा मागे घेणे व नमुन्यांच्या यादीतून माझ्या नातीस वगळणे.
संदर्भ : आपल्या शाखेची उद्याच्या सुनावणीची नोटीस.

महोदय,

समोर येऊन बोलण्याचे तोंड उरलेले नाही, म्हणून लेखी कळवत आहे.

१. मी लहान मुलांच्या कपड्यांचा छोटा व्यापारी आहे. मी मागवलेल्या फ्रॉकच्या गळ्याशी 'वय तीन वर्षे' असे छापलेले आहे. त्यामुळे आपल्या तपासनीसांनी ते मोठ्या मुलींच्या कपड्यांत, म्हणजे जादा शुल्काच्या वर्गात घातले. नियम मात्र वय पाहत नाही, उंची पाहतो. शहाऐंशी सेंटीमीटरपर्यंतच्या मुलाचा कपडा तो शिशूचा कपडा, आणि त्याला शुल्क कमी. "तीन वर्षांचं पोर एवढंसं असतं का कुठं?" असे तपासनीस म्हणाले. तेव्हा मला भलताच हुरूप आला. एवढेसे पोर माझ्या घरातच होते.

२. माझ्या नातीला चौथे वर्ष लागले आहे. तिची उंची वाढत नाही, ही आमच्या घरातली काळजी. सूनबाई ती शेजारीपाजारीसुद्धा बोलून दाखवत नाही. ती काळजी मी पुरावा म्हणून आपल्या कार्यालयात घेऊन आलो. बोटी दाखवतो असे सांगून मुलीला आणले, खोक्यांच्या गर्दीत तपासणीच्या टेबलावर उभे केले आणि फ्रॉक चढवला. वजनकाट्यावरच्या माणसाने टेप धरली. पंच्याऐंशी भरली. फ्रॉक तर तिच्यासाठीच शिवल्यासारखा बसला. जमलेली मंडळी हसली, आणि लिहायला लाज वाटते, पण सर्वांत मोठ्याने मी हसलो. लिपिकाने पंचनाम्यात 'नमुना क्र. ३ : फ्रॉक, बालिकेसह' अशी नोंद केली, तिच्या खांद्यावरच्या बटणाला नंबराची चिठ्ठी बांधली आणि नमुना माझ्याच ताब्यात दिला.

३. ती चिठ्ठी मुलीने घरी कोणाला सोडू दिली नाही. "मी नमुना आहे, मला साहेबांनी नंबर दिलाय," असे तिने आईला ऐटीत सांगितले. सूनबाईने सगळे विचारून घेतले. माझे ताट वाढून ठेवले आणि आत निघून गेली. चार शब्द सुनावले असते तर मला जेवण तरी गेले असते.

४. यानंतर आपली नोटीस आली : 'नमुना क्र. ३ मूळ स्थितीत हजर करावा. दरम्यान त्यात कोणताही फेरबदल होऊ देऊ नये.' त्याच सुमारास डॉक्टरांनी मुलीला उंचीसाठी औषध लिहून दिले होते. ते आणण्याचे काम माझ्याकडे. मी आणलेही, पण दुकानात गल्ल्याखाली ठेवून दिले आणि "अजून आलेलं नाही" असे घरी सांगत राहिलो. रोज सकाळी खेळ म्हणून मुलीला दाराच्या चौकटीला टेकवून मोजत असे. वाढलेली नसली की मला बरे वाटे. महोदय, मी तिचा सख्खा आजोबा आहे. काल सूनबाई दुकानात आली आणि तिला ती बाटली सापडली. "बाबा, ही वाढू नये असं वाटतंय का तुम्हाला?" एवढेच तिने विचारले.

५. सबब, सर्व फ्रॉक जादा शुल्काच्या वर्गात घालावेत. माझी हरकत नाही. पंचनाम्यातील 'बालिकेसह' हा शब्द खोडावा, म्हणजे पुढे कोणाच्या प्रकरणात माझ्या नातीचा दाखला दिला जाणार नाही. औषध आज सकाळी सुरू केले आहे. नोटिशीतील अटीचा हा भंग मी जाणूनबुजून केला आहे व त्याबद्दल होईल ती कारवाई मला मान्य आहे.

आपला खजील अर्जदार,
(सही)
लहान मुलांच्या कपड्यांचा व्यापारी

दिनांक : सुनावणीचा आदला दिवस

सोबत :
१) नोटिशीची प्रत.
२) फ्रॉक, एक नग, धुऊन इस्त्री केलेला.
३) नात जोडलेली नाही.