चौथी फळी

मु. कोलेखार, पो. गडब, ता. पेण
१२ ऑगस्ट १९९४

प्रिय चंद्री,

तुझ्या घरी सगळे खुशाल असतील असं धरून चालते. आम्हीही आहोत. सासूबाईंची तब्येत आहे तशीच, डावं अंग अजून हलत नाही, पण तोंड आता पहिल्यासारखं चालतं. दिपिका चौथीत गेली. हे धरमतरला बार्जवर आहेत, पंधरा दिवसांनी येतात.

तुझे बाबा, आपले नाथाकाका, रोह्याला तुझ्याकडे आले त्याला आठ दिवस झाले. पोचल्याचं कळलं नाही म्हणून लिहायला बसले. जाताना गुडघे सुजले होते. जेवतात का? झोपतात का?

इथलं काय सांगू. बांध फुटून खांड गेली ती चाळीस हात रुंद आहे. रोज दोन वेळा खाडी आत येते आणि दोन वेळा परत जाते, आपण लहानपणी मैदानात खेळायचो तशी. लावणी झालेलं सगळं भात आधी तांबडं पडलं, मग काळं. आता नुसता चिखल दिसतो आणि त्यावर निवट्या मासे उड्या मारतात. तळ्याचं पाणीही खारट झालं. आम्ही बायका गडबच्या बाजूला पाण्याला जातो, जाऊन येऊन दीड तास लागतो. गावातर्फे बाबाजींनी तालुक्याला अर्ज दिलाय. टँकर येईल म्हणतात.

चंद्री, पाऊस असा नव्हता गो आपला. पडायचा तो चार महिने वाटून पडायचा. यंदा जून कोरडा गेला, रोपं जगवायला आम्ही तळ्याचं पाणी कळशीने घातलं, आणि मग जुलैत दोन दिवसांत सगळा पडला. डोंगरावरून लाल पाणी आलं ते बांधाच्या आत तुंबलं, बाहेर उधाण. काका म्हणायचेच, अलीकडे ओहोटी लागली तरी खाडी पहिल्यासारखी उतरत नाही. मी आता भिंतीवरच्या कॅलेंडरात पुनव आणि अमावस्या लाल पेन्सिलीने गोल करून ठेवते.

त्या दिवसाचं तुला काकांनी सांगितलंच असेल. सकाळी जो तो आपापल्या घरात पाणी उपसत होता, त्यामुळे सकाळचं कोणाला काही माहीत नाही. अकराच्या सुमाराला बाबाजींनी लांबून पाहिलं की उघाडीची, बांधातल्या पाण्याच्या दाराची, वरची फळी जागेवर नाही आणि भरतीचं पाणी तिथून आत पडतंय. माणसं गोणी घेऊन धावली. पण पोचेपर्यंत बाजूचा बांध खचला आणि उघाडीचं दगडी तोंडच गेलं. दीडपर्यंत बांधाआतली सगळी खारजमीन बुडाली. सासूबाईंना मी आणि शेजारच्या दोघींनी चादरीत घालून शाळेत नेलं.

सभेत लोक काकांना नको ते बोलले. तीस वर्षं ज्या माणसाने ओहोटीला फळ्या काढल्या आणि भरतीआधी बसवल्या, त्याला म्हाताऱ्याचं डोकं चालत नाही म्हणाले. काका एवढंच म्हणाले, "बसवल्या व्हत्या. चार." मग बाबाजींनी विचारलं, नक्की? तेव्हा ते गप्प राहिले. त्यांचं गप्प राहणं लोकांनी धरलं.

तू मनाला लावून घेऊ नको. काका त्या दिवसाबद्दल तुझ्याशी काही बोलतात का, ते मात्र कळव.

तुझी,
सगुणा


कोलेखार
२४ ऑक्टोबर १९९४

चंद्री,

तुझं पत्र दसऱ्याआधी आलं. मी ते चार वेळा वाचलं आणि तांदळाच्या डब्यात ठेवलं. उत्तर आज लिहिते आहे, कारण काल जे झालं ते झाल्याशिवाय मला लिहिता येत नव्हतं.

तू लिहिलंस, बाबा रोज सकाळी उठून हवेत हात धरून एकावर एक काहीतरी ठेवल्यासारखं करतात आणि विचारतात, "चौथी बसवलेली ना गो मी?" तू व्हय म्हणालीस तरी त्यांचा विश्वास बसत नाही. जावईबापूंनी डॉक्टरला दाखवलं, वय झालं असं डॉक्टर म्हणाले, झोपेच्या गोळ्या दिल्या. आणि आता ते चुलीपाशीही जात नाहीत, आपल्या हातून काही राहून जाईल म्हणून.

त्यांनी चौथी फळी बसवली होती. मी सांगते म्हणून खरं मान, कारण ती मी काढली.

आता सगळं लिहिते. मध्ये थांबले तर राहून जाईल.

आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्या घरात पाऊल बुडेल एवढं पाणी आलं. आमचं घर किती खोलात आहे ते तुला माहीत आहे. मी सासूबाईंची खाट विटांवर चढवली आणि काकांकडे गेले. ते उघाडीवरच होते, डोक्यावर प्लास्टिक घेऊन. मी म्हटलं, सकाळी ओहोटीला उघडा, पाणी जाऊ द्या. ते म्हणाले, उद्या उघडणार नाही, वारा उलटा आहे, खाडी उतरणार नाही आणि पाण्याच्या ओढीला फळी हाताला परत लागणार नाही. मी पुन्हा विनवलं. तेव्हा म्हणाले, "घरात पानी आलं तर निंगून जातं. शेतात खारं शिरलं तर तीन वरसं निंगत नाय." आणि सासूबाईंना शाळेत हलव, मी माणसं देतो, असंही म्हणाले.

मी ते ऐकलं नाही. का, ते तुला सांगते, पण त्याने माझं कमी होत नाही. मागच्या वर्षीच्या पावसात सासूबाईंना असंच चादरीत घालून नेलं होतं. वाटेत त्यांना आवरलं नाही, सगळ्या पुरुषांदेखत. त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. मग माझा हात धरून म्हणाल्या, परत मला अशी उचलून नेऊ नको, त्यापेक्षा घरात बुडू दे. मी शब्द दिला होता.

सकाळी पाणी खाटेच्या आडव्या लाकडाला टेकलं. सासूबाई जाग्या होत्या, नुसत्या माझ्याकडे बघत होत्या. काका रिकाम्या गोणी आणायला गडबला गेलेले मी पाहिले होते. साडेसहाला मी उघाडीवर गेले. मनात एवढंच होतं, दोन तास पाणी जाऊ दे, मग मी परत बसवीन. लहानपणी आपण दोघी काकांच्या मागे उभ्या राहून बघायचो, मला वाटलं मला येतं.

फळी जड झाली होती. पहारीने एक बाजू उचलली, मग दुसरी. ती सुटली मात्र, आतल्या पाण्याने माझ्या हातातून ओढून घेतली आणि बाहेर खाडीत फेकली. दोनदा वर आलेली दिसली, मग दिसली नाही. माझे हात तसेच पुढे राहिले.

तेव्हाच मी ओरडले असते तर चार तास होते. चार तासांत गावाने दार, पाट, खाट, काहीही आणून ते तोंड बंद केलं असतं. हे मी रोज मोजते. मी ओरडले नाही. घरी आले, लुगडं पिळलं, सासूबाईंना चहा दिला. घरातलं पाणी चार बोटं उतरलं होतं. त्या म्हणाल्या, "उतरलं गो." मी व्हय म्हटलं. मला वाटत होतं काका येतील, बघतील, काहीतरी करतील. पण गडबच्या रस्त्यावर पाणी आलं आणि ते पलीकडेच अडकले.

सभेत त्यांना बोलत होते तेव्हा मी बायकांत मागे बसले होते. ते गप्प झाले ना, तेव्हा मला कळलं की आता त्यांचा स्वतःवरचाच भरवसा उडाला. तरीही मी उठले नाही. एखाद्या माणसाचं शेत बुडवणं एक आणि त्याचं डोकं बुडवणं एक. शेत मी न कळत बुडवलं. दुसरं कळून.

काल देवळापुढे खांड बांधायची सभा होती. आधी मी सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं त्या रडतील, पण त्या आढ्याकडे बघत म्हणाल्या, "माज्यासाठी केलंस असं तिथं सांगू नको. माजं नाव लावून सुटू नको." मग यांना सांगितलं. हे उठून बाहेर जाऊन उभे राहिले. पण मी सभेला निघाले तेव्हा माझ्या मागून दहा पावलांवर चालत आले.

मी उभी राहिले आणि म्हटलं, "वरची फळी मी काढली. नाथाकाकांनी चारही बसवल्या होत्या."

बाबाजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. सखा, ज्याचं शेत उघाडीच्या अगदी तोंडाशी होतं, तो उठून निघून गेला. मग एक म्हातारी म्हणाली, तीन वरसं आता खायचं काय, तेवढं सांग.

खांड बुजेपर्यंत मी रोज आणि हे घरी असतील ते सगळे दिवस मातीला जायचं, पाळी न लावता, असं ठरलं. हे कमी आहे, मला माहीत आहे. बाबाजी आणि दोघे जण रोह्याला येऊन काकांना आणणार आहेत. सभेत जे बोलले ते त्यांना सभेतच मागे घ्यायचं आहे.

ते येण्याआधी हे पत्र पोचावं. काकांना वाचून दाखव, गाळू नको काही. झोपेच्या गोळीची त्यांना गरज नाही.

तुला काय वाटेल याचा विचार मी केला आहे. क्षमा मागत नाही, कारण ती देणं तुला जड जाईल आणि न देणंही.

सगुणा


कोलेखार
२७ जून १९९५

चंद्री,

तू उत्तर दिलं नाहीस. देऊ नको. पण काका इथे कसे आहेत हे तुला माझ्याकडूनही कळावं म्हणून लिहिते. त्यांना पत्र लिहिता येत नाही आणि बाबाजी लिहितात ते सगळं छानच लिहितात.

दिवाळीनंतर ते बाबाजींबरोबर एस.टी.ने आले ते तुला माहीत आहे. सभेत सगळ्यांनी हात जोडले. काकांनी कोणाकडे बघितलं नाही, सरळ खांडीवर गेले. मी तिथे माती टाकत होते. मी घमेलं खाली ठेवलं आणि पाया पडायला वाकले, तर ते बाजूला सरले. म्हणाले, "मला वेड लागलंय असं वाटत व्हतं गो. लागलं नाय, येवढं कळलं. राग हाय. तो ऱ्हाईल." मग घमेल्याकडे बघून म्हणाले, माती ओली आहे, ही धरणार नाही, वरच्या अंगाची आण.

फेब्रुवारीतल्या भांगाच्या दिवसांत, खाडी कमीत कमी चढते तेव्हा, आम्ही शेवटचं तोंड बुजवलं. अख्खं गाव होतं. सखाही होता. तो माझ्याशी बोलत नाही, पण त्याच्या हातातलं घमेलं माझ्या हातात आलं आणि पुढे गेलं. नवी उघाडी सिमेंटची केली, फळ्या मात्र लाकडाच्याच, काकांनी स्वतः बघून घेतल्या. शेतात यंदा काही पेरलं नाही. पांढरा थर आहे. दोन पाऊस धुवून काढतील, मग बघू, असं काका म्हणतात. हे धरमतरला आहेत म्हणून चूल पेटते. बाकीचे वीटभट्टीवर जातात, काही जण रामवाडीला कामाला लागले.

काकांचे गुडघे दुखतात, पण जेवतात. हात हवेत धरून काही ठेवत नाहीत. मात्र फळ्या बसवून झाल्या की आता एक माणूस मोजायला लागतं. स्वतः मोजलेलं ते धरत नाहीत, दुसऱ्याने मोठ्याने म्हटलेलं धरतात. तेवढं गेलं ते परत आलं नाही, चंद्री. ते मी नेलं.

आठवड्यापूर्वी त्यांनी मला बोलावलं. मला वाटलं माती टाकायला. त्यांनी पहार माझ्या हातात दिली आणि फळी कशी काढायची, पाण्याच्या ओढीत दोरी कुठे बांधायची, वारा कुठला असेल तर अजिबात हात लावायचा नाही, ते दाखवलं. मी म्हटलं, मला नको, लोक काय म्हणतील. ते म्हणाले, "तुला जेवडी भीती हाय तेवडी इथं कुणाला नाय. भ्यायलेलाच माणूस पायजे इथं."

बायका अजून पाण्यावर माझ्याआधी भरून निघून जातात. सासूबाई चैत्रात गेल्या, घरातच, कोरड्या जमिनीवर. त्यांना परत उचलून न्यायची वेळ आली नाही.

कालपासून पाऊस धरला आहे. डोंगराकडे सगळं काळं आहे आणि वारा उलटा आहे, तसाच. उद्या अमावस्या, दुपारी बाराच्या सुमाराला पाणी चढेल. काकांनी सांगितलं आहे, उघडायची नाही. आमच्या घरात पाऊल बुडेल एवढं पाणी आत्ताच आहे, दिपिकाला शाळेत पाठवून दिलं, मी खाटेवर बसून लिहिते आहे. येऊ दे घरात. मी आता उघाडीवर जाते. ते फळ्या दाबून बघतील आणि मी मोठ्याने चार म्हणेन.

त्यांच्याजवळ उभी राहीन,
सगुणा