तीनदा पुकारलेला नंबर

प्रिय अण्णा,

आज वर्गात शिकवता शिकवता मी मधेच थांबले, म्हणून हे लिहायला बसलेय. मोबाईलवरचा संदेश वाटेत बिघडला तर पलीकडे तो दुरुस्त कसा होतो, असा धडा होता. सर्वात सोपी युक्ती म्हणजे एकच गोष्ट तीनदा पाठवायची. दोनदा जे सारखं येईल ते खरं धरायचं. "आणि तरीही कळलं नाही तर परत मागायचं," एवढं म्हटलं आणि खडू खाली ठेवला.

कारखान्याच्या वजनकाट्यावर तुम्ही भोंग्यावरून उसाच्या ट्रॅक्टरचे नंबर तीनदा पुकारायचात. "इंजिनांचा आवाज लई. एखादा आकडा हुकतोच, मग डायवर तिन्ही जोडून घेतो," असं सांगायचात. मी मात्र वर्गात दरवर्षी विमानतळावरच्या घोषणेचं उदाहरण देते. काट्यावरचा बाप सांगायची मला लाज वाटायची, अण्णा.

घरीही तुमची तीच खोड. फोनवर "जेवलीस का" तीनदा. मागच्या दिवाळीत मी पाहुण्यांसमोर चिडले, "एकदा सांगितलं तरी कळतं मला, बहिरी नाहीये मी." तुम्ही "बरं बाई" म्हणालात आणि तेव्हापासून खरंच सगळं एकदाच सांगू लागलात. माझं एवढं ऐकायची काय गरज होती?

शेवटच्या फोनला रेंज तुटत होती. तुमचं एक वाक्य गेलं. मला पेपर तपासायचे होते, "हो हो, बरं" म्हणून मी फोन ठेवला. त्याच संध्याकाळी तुम्ही गेलात.

तेराव्यानंतर आईनं ते वाक्य सांगितलं. "छातीत दुखतंय, येऊन जाती का, असं म्हनले व्हते गं तुला. मी म्हनलं, परत सांगा की. तर म्हनले, न्हाई, तिला आवडत न्हाई."

पोरांना परत मागायला शिकवणारी मी, तुमच्याकडे एकदाही मागितलं नाही. हे तोंड कुणाला दाखवू?

उद्या विमानतळ पुसून फळ्यावर वजनकाटा काढीन. पुकारणारा माझा बाप होता, हेही सांगेन. आणि आईचं वाक्य तुटलं तर कितीही घाई असो, परत विचारीन.

चुकलं माझं, अण्णा. चुकलं माझं. चुकलं माझं.

तुमची,
मंगल