पासवर्ड विचारणार नाही

४ मे
सुखरूप पोचलो. लेकीचं परदेशातलं घर झकास. जावईबापू विमानतळावर स्वतः घ्यायला आले. घरात शिरल्यावर सौ.ने चपला काढायच्या आत त्यांनी तिचा फोन इंटरनेटला जोडूनही दिला. ती लगेच बहिणीला घर दाखवत हिंडू लागली. मला म्हणाले, "बाबा, लॅपटॉप द्या, तोही जोडतो." मी म्हटलं, राहू द्या, गाडी चालवून दमलात.
खरं कारण वेगळं. माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. इंटरनेट म्हणजे शेवटी टेलिफोनचाच नातू. आजोबांना नातवाची ओळख जावयाने करून द्यायची?
शिवाय १८ तारखेला आमच्या ज्येष्ठ मंडळात माझं ऑनलाइन व्याख्यान आहे. विषय: 'ज्येष्ठहो, इंटरनेटला घाबरू नका!' वक्त्यानेच जावयाकडे पासवर्ड मागितला, हे मंडळात कळलं तर? आणि कळणारच. सौ. सांगणार.
संकल्प: पासवर्ड विचारणार नाही. स्वकष्टाने जोडणार.

५ मे, सकाळी
लॅपटॉपवर एकही नेटवर्क दिसत नाही. इथल्या लहरी अशक्त असाव्यात. लॅपटॉप घेऊन खिडकीत बसलो, मग बाल्कनीत, मग बाथरूममध्ये स्टुलावर. सौ. म्हणाली, "पापडासारखा वाळत घालताय की काय?"
दुर्लक्ष केलं.

७ मे
सार्वजनिक वाचनालयात गेलो. तिथे इंटरनेट फुकट. काउंटरवरच्या बाईंना लहरींच्या अशक्तपणाबद्दल सविस्तर सांगितलं. त्यांनी लॅपटॉप वळवला, विमानाचं चित्र असलेलं एक बटण दाबलं आणि विचारलं, "विमानातून उतरून बरेच दिवस झाले ना?" पटापट नेटवर्कं दिसू लागली. मी ते बटण दाबणारच होतो. बाईंचा स्वभाव जरा खोचक.
पण पुढे लॅपटॉप म्हणाला, मोबाइलवर कोड पाठवलाय, तो टाका. माझं सिमकार्ड आपल्याकडचं, इथे मुकं. कोड गेला कुठे देव जाणे. बाईंना पुन्हा विचारणार होतो, पण त्या कामात दिसल्या. (पुस्तक वाचत होत्या.)
फायदा: आता घरचं नेटवर्कही दिसतं. पासवर्ड मागतं. लेकीची जन्मतारीख टाकली, नाही. माझं नाव टाकलं, नाही. याचं थोडं वाईट वाटलं.

९ मे
कोपऱ्यावरचा कॅफे. कॉफीच्या पावतीवर पासवर्ड छापून येतो, तासभर चालतो. हा सौदा स्वाभिमानी माणसाला शोभणारा. जोडलं! विजय!
जोडल्याबरोबर लॅपटॉपने स्वतःला अपडेट करायला घेतलं. 'कृपया बंद करू नका.' नाही केला. तास संपला. दुसरी कॉफी, दुसरा तास, तेच. तिसऱ्या कॉफीबरोबर अपडेट संपलं आणि तासही. घरी येऊन सौ.ला सांगितलं, लॅपटॉप आता अगदी अद्ययावत आहे. तिने विचारलं, "आणि तुम्ही?"

१२ मे, सकाळी ११
घोडं कुठे पेंड खातंय ते सापडलं. हॉलमधला वायफायचा डबा! मागे बारीक भोक आहे, शेजारी 'रीसेट' लिहिलंय. खात्यात आम्ही अडलेल्या लाइनी अशाच मोकळ्या करायचो. सौ.ची केसांची पिन घेतली आणि घातली. दाबून धरली.
डब्याचे सगळे दिवे गेले. बाहेर काढताना पिन वाकून आतच अडकली.
शेजारच्या खोलीत जावईबापू मोठ्या साहेबांसमोर प्रेझेंटेशन देत होते. ऑनलाइन. आवाज मध्येच थांबला. मग "हॅलो? हॅलो?"
मी तडक बाल्कनीत जाऊन कुंड्यांना पाणी घातलं. पाऊस पडत होता, हे नंतर लक्षात आलं.

१२ मे, संध्याकाळी
जावईबापू दुपारभर इंटरनेट कंपनीशी फोनवर भांडत होते. मीही मागून म्हटलं, "सोडू नका त्यांना!"
लेक स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "बाबा, त्याच्या प्रमोशनचं होतं हो. महिनाभर तयारी करत होता."
जेवण गेलं नाही. तीन दिवसांपूर्वीच्या कॉफीचा परिणाम असावा.

१३ मे
कंपनीचा माणूस आला. डबा उलटा करून चिमट्याने वाकडी पिन बाहेर काढली आणि सगळ्यांकडे बघितलं. सौ.चा हात आपोआप अंबाड्याकडे गेला. मी छताचं निरीक्षण केलं. छत उत्तम आहे.
जावईबापूंनी पिन हातात घेतली, खिशात टाकली आणि म्हणाले, "डबा जुनाच होता. बदलायचाच होता."
म्हणजे दोष डब्याचा. जावयानेच मान्य केलं.
नवा डबा बसला. मग ते माझा लॅपटॉप उचलून जोडू लागले. मी दिला नव्हता, टेबलावर होता. मी फक्त अडवलं नाही. संकल्प मोडला असं कोणी म्हणू शकणार नाही.

१६ मे
साहेबांनी त्यांना पुन्हा वेळ दिली. प्रेझेंटेशन चालू असताना मी सोफ्यावर बसून राहिलो, दोन्ही हात मांडीवर. तसं कोणी सांगितलं नव्हतं. तहान लागली तरी उठलो नाही.
खोलीतून हसत बाहेर आले. छान झालं म्हणे. लेक आज माझ्याशी नीट बोलली.

१८ मे
व्याख्यानाचा दिवस. वर कोट-टाय, खाली पायजमा. आवाज मोकळा करायला आधी बाहेर दोन-चार फेऱ्या मारल्या. वेळेच्या पाच मिनिटं आधी लॅपटॉपसमोर हजर. इंटरनेट ठणठणीत.
कोणीच नाही. पंधरा मिनिटं वाट पाहिली. मनात म्हटलं, बघा, किती घाबरतात लोक इंटरनेटला! विषय अचूक निवडला होता.
तेवढ्यात सौ. आली, हातात मटारच्या शेंगा. म्हणाली, संपलं की ते. इथली वेळ काढताना मी एक तास कमी वजा केला होता. मी फेऱ्या मारत असताना मंडळाच्या सेक्रेटरींनी तिच्या फोनवर व्हिडिओ कॉल केला. हे बाहेर गेलेत असं तिने सांगितल्यावर ते म्हणाले, वहिनी, मग तुम्हीच बोला. ती मटार सोलता सोलता बोलली. वाचनालय, तीन कॉफ्या, पिन, भर पावसातल्या कुंड्या, सगळं. शेवटी म्हणे, "अडलं की पोरांना विचारावं. त्यांना राग येत नाही, बरं वाटतं."
लोक हसून हसून रडले, असं सेक्रेटरींनी कळवलंय.

१९ मे
पुढच्या महिन्यात मंडळात सौ.चं व्याख्यान. लोकाग्रहास्तव. आभारप्रदर्शन माझ्याकडे, दोन मिनिटं.
दोन मिनिटं पुरेत. न झालेलं अख्खं व्याख्यान त्यात बसवलं. जावईबापूंना वाचून दाखवलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "बाबा, यात आभार कुठे आहेत?"
शोधतोय.